चाळीस शब्दांपर्यंत पूर्ववत

सायबर घटना अहवाल : नमुना ब
(उत्तरे थोडक्यात लिहावीत. जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.)

१. अहवाल देणाऱ्याचे नाव व हुद्दा

सुलभा किसनराव घोंगडे, नोंद तंत्रज्ञ, वाचा केंद्र, जिल्हा रुग्णालय.

रुग्णांपैकी कोणी आपले नातेवाईक आहे का, असा रकाना या नमुन्यात नाही. रुग्ण क्रमांक २१२ माझे वडील, अण्णा, आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचे कागद का जोडले ते त्याशिवाय कळणार नाही.

२. बाधित सेवेचे स्वरूप (दोन ओळी)

दोन ओळींत बसत नाही.

ज्या माणसाचा मेंदू शाबूत आहे पण जीभ, ओठ, घसा हलत नाही, त्याच्या मेंदूवर पापडाहून पातळ जाळी बसवतात. माणूस 'पाणी' म्हणायचं मनात आणतो तेव्हा जीभ हलवण्याचा हुकूम मेंदूतून निघतोच, फक्त पुढचा रस्ता तुटलेला असल्यामुळे तो पोचत नाही. जाळी तो हुकूम वाटेतच टिपते. उशाशी ठेवलेलं यंत्र त्याचा शब्द करतं आणि मोठ्यानं बोलतं. या यंत्राला आम्ही सगळे डबी म्हणतो.

प्रत्येकाच्या मेंदूचा हुकूम वेगळा. म्हणून डबीला एकेका माणसाची भाषा शिकावी लागते. आधी चाळीस शब्द, रोज सकाळी दोन तास, तीन आठवडे. मग वाक्यं. वर्ष सव्वा वर्षानं तो माणूस साधारण आपल्यासारखा बोलतो. ही शिकलेली भाषा केंद्राच्या संगणकावर असते आणि तिची चालती प्रत डबीत. हुकूम रोज थोडे सरकतात, म्हणून रोज पहाटे डबी केंद्राशी जोडून घेते आणि आपली जुळणी करते. चाळीस शब्दांचा पाया फारसा हलत नाही, वाक्यं हलतात. दहा दिवस जुळणी झाली नाही, तर वाक्यांचा नुसता काला होतो.

शिवाय जाळीभोवती दरवर्षी पेशींचा थर चढतो. पहिल्या वर्षी जे स्पष्ट ऐकू येतं ते पुढं पुसट होत जातं. म्हणजे पहिल्यांदा शिकलं तेवढं दुसऱ्यांदा शिकता येत नाही.

डबीतून भाषा बाहेर काढता येत नाही. कोणाच्या मनातलं कोणी चोरू नये म्हणून ती तशी बांधली आहे. ते चांगल्यासाठीच केलं होतं.

३. घटनेचा दिनांक व वेळ

दसरा, २०३९. पहाटे पाच वाजता. सुट्टीच्या दिवशी कार्यालयात कोणी नसतं हे लांबच्या लोकांनाही माहीत असतं.

माझ्या मते घटना आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला घडली. रकाना ६ पाहा.

४. हल्ल्याचा प्रकार

खंडणीसाठी कुलूप लावणारा प्रोग्रॅम. चौकशीत निघालं की तो श्रावणापासून आमच्या नेटवर्कमध्ये गप्प बसून होता. कुठं काय ठेवलंय, प्रती कुठं आहेत, कोण कधी रजेवर जातं, हे सगळं तो बघत होता. दसऱ्याच्या पहाटे त्यानं एकदम सगळ्यांच्या भाषेला कुलूप लावलं. २११ डब्या रोजच्यासारख्या केंद्राशी जोडून घ्यायला गेल्या आणि मुक्या झाल्या.

एक वाचली. त्या दिवशी अण्णा आणि मी पांगरीला चुलत्यांकडे होतो. तिथं रेंज नाही. परत निघताना हल्ल्याचं कळलं, तेव्हापासून डबीची जोडणी मी बंदच ठेवली.

५. तीन प्रतींचा नियम पाळला होता का? (हो / नाही)

हो.

एक प्रत केंद्रात, एक दुसऱ्या इमारतीत, एक कपाटात. तिसरी महत्त्वाची. ती एका सुट्या पेटीत असते आणि तिला कुठलीही वायर नसते. दर शनिवारी तपासणी करून तासभर जोडायची, प्रत घ्यायची, काढायची, कपाटाला कुलूप. वायरच नाही तर चोर येणार कुठून, एवढं साधं शास्त्र. पाच वर्षं मी ते पाळलं.

नाही.

६. सुरक्षित प्रत बाधित होण्याचे कारण व संबंधित कर्मचारी

चौकशी समितीनं इथं 'अज्ञात' लिहिलं आहे, कारण पेटीतली नोंदही पुसली गेली. मी खोडून लिहिते.

मी.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. टेबलावर पांढरं कापड घालून सगळी मांडली होती. स्कॅनर, दोन नवे सर्व्हर, रक्तदाब मोजायचं मशीन, स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा. मी कपाटातली पेटी आणली. वर्षभर अंधारात राहते, तिलाही एक फूल मिळावं असं वाटलं.

केंद्राचे प्रमुख डॉ. बिडवई फोटो काढत होते. म्हणाले, "सुलभाताई, हिचा दिवा का लागंना? सगळी कशी नटलीत, ही एकटीच मेल्यासारखी बसलीय."

आमचे शिपाई मारोतीमामा कुंकवाचं ताट धरून उभे होते. ते म्हणाले, "सर, आज यंत्र बंदच ठेवायचं असतंय. आजचा दिवस त्याला सुट्टी."

"मामा, हा फोटो वर जाणार आहे. बंद यंत्रं पाठवली तर म्हणतील, केंद्रच बंद पडलंय."

सगळे हसले. मीही हसले. वायर लावली. हळदीच्या बोटाशेजारी हिरवा दिवा लागला आणि फोटो खरंच छान आला.

फोटो झाल्यावर काढणार होते. तेवढ्यात फाटकातून गाडीवाल्याचा फोन आला. पांगरीला जायला अण्णांची चाकांची खुर्ची आत चढेल अशी गाडी ठरवली होती आणि त्याला पुढचं भाडं होतं. अण्णांनी त्या दिवशी तीनदा विचारलं होतं, "निघायचं का? गाडी टायमात सुटली पाहिजे." मी पर्स उचलली आणि पळाले.

पेटी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत, झेंडूच्या हारासकट, नेटवर्कला जोडलेली होती.

७. खंडणी दिली का?

नाही. शासनाचं धोरण आहे.

८. प्रतिसाद पथकाच्या सूचना

पुण्याहून पथक आलं. प्रमुख तरन्नुम इनामदार. पन्नाशीच्या, पायात स्पोर्ट्सचे बूट, चहा नको म्हणणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्या भिंतींवरच्या वायरी काढायला लावल्या आणि एका फळ्यावर दोन शब्द लिहिले : काय उरलं.

उरलेलं शोधताना जुनी पेटी सापडली. नवी पेटी आल्यावर मी ती रद्दीच्या कपाटात टाकली होती. तिच्यात चौदा महिन्यांपूर्वीची प्रत होती. त्यावेळी दाखल असलेल्या दीडशे जणांची वाक्यं परत येणार होती, थोडी बोबडी, पण येणार होती. नंतर आलेल्यांचं काहीच नव्हतं. अण्णा तेव्हा नुकते दाखल झाले होते (रुग्ण क्रमांक वॉर्डाप्रमाणे असतात, घरी राहणाऱ्यांचे शेवटी). त्यांचे चाळीस शब्द तेवढे होते.

"एक डबी चालू आहे," मी म्हटलं. "दोनशे बारा."

"कुणाची?"

"वडिलांची."

इनामदार मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बोलतात अजून?"

"सकाळी मला म्हणाले, पोहे खारट झालेत."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नेटवर्क उघडायचं तर प्रत्येक डबी पुसून, मोजून, सही करून आत घ्यावी लागते. एक जरी बाहेर राहिली आणि तिच्यात तो जंतू असला, तर पहिल्या जोडणीला परत सगळं जाईल. तुमची डबी स्वच्छ असेलही. पण ते प्रयोगशाळेत बघायला अकरा दिवस लागतात."

"मग अकरा दिवस थांबू."

"वॉर्ड तीनमध्ये काल एका बाईंचा पाय पलंगाच्या दांडीत तीन तास चेमटला होता. त्यांना सांगता आलं नाही. 'दुखतंय' हा त्यांच्या चाळिसातला शब्द आहे ना?"

मी हो म्हटलं.

"आणि अकरा दिवसांनी जुळणीशिवाय तुमचे वडील तरी काय बोलणार आहेत?"

त्या कठोर नव्हत्या. बाहेर जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "परवा सकाळी दहाला डब्या जमा करायच्या. तोवर कुणी तुमच्या घरी येणार नाही. बोलून घ्या."

९. सूचनांची अंमलबजावणी किती वेळात झाली?

दोन दिवस.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. त्यांचं सगळं बोलणं गाडीतच खर्च व्हायचं. घरी आले की चप्पल काढायची, हातपाय धुवायचे, जेवायचं, झोपायचं. आई म्हणायची, ह्यांना ऐकायचं तर तिकीट काढून गाडीत बसावं लागतं. लकव्यानं त्यांचं अंग आणि वाचा दोन्ही नेली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला होता की आपल्याला फारसा फरक पडणार नाही. असा विचार आला होता, तो लिहून ठेवते.

मग डबी आली आणि हा माणूस बोलायला लागला. सव्वा वर्ष बोलत होता. आईला पहिल्यांदा कुठल्या थांब्यावर बघितलं, घाटात ब्रेक निकामी झाला तेव्हा ड्रायव्हर कोणतं गाणं म्हणत होता, माझ्या लग्नात ते मंडपामागं जाऊन का रडले. अडतीस वर्षांत ऐकलं नाही तेवढं मी सव्वा वर्षात ऐकलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना हल्ल्याचं सांगितलं. डबी द्यावी लागेल हेही सांगितलं. त्यांनी विचारलं,

"बाकीच्यांच्या डब्या गेल्या का?"

"सगळ्यांच्या."

"मग मला एकट्याला कसं ठिवतील? सगळी उतरल्यावर मी एकटा गाडीत बसून काय करू?"

"अण्णा, अकरा दिवस मागून घेता येतील. मी भांडते."

"नियम हाय का तसा?"

"नाही."

"मग इचारू नको."

नंतर ते म्हणाले, "ती कपाटातली पेटी व्हती ना तुझी? वायर नसलेली. तू लई सांगायचीस तिचं."

मी चादर सारखी करत होते. म्हटलं, "तीही गेली."

"कशी काय?"

"चौकशी चालू आहे."

हे वाक्य मी बोलले. माझ्याच घरात, माझ्याच बापाला.

रकाना ९ चा उरलेला भाग

दुसऱ्या दिवशी ते खुशीत होते. डेपोतल्या खंडेनवमीचं सांगत होते. गाड्या धुऊन रांगेत लावायच्या, बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, तिकिटांच्या पेटीला कुंकू.

"आन इंजिन बंद," अण्णा म्हणाले. "एकदा एका नव्या ड्रायव्हरनं हौसेनं चालू ठिवलं, तर मेकॅनिकनं त्याला झापलं. म्हणला, वरीसभर राबती, आज तरी तिला गप बसू दे. पूजा म्हंजी काय, तर एक दिस तिला कुणी हात लावायचा नाही."

मी भाजी निवडत होते. मेथीची एकच काडी बराच वेळ हातात राहिली.

त्या क्षणी सांगायचं होतं. त्यांच्याजवळ वाक्यं होती. रागाची होती, थट्टेची होती, गप्प बसण्याचीही होती. ते म्हणाले असते, अगं बये, काय केलंस हे. किंवा तिसरंच काही, जे मला सुचतही नाही.

"गप का झालीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही सांगा."

मला वाटलं, उरलेला दिवस तरी चांगला जाऊ दे. तो चांगला गेला. संध्याकाळी त्यांनी एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. तो रोज म्हणायचा पास घरी राहिलाय, तुम्ही तर मला ओळखता. "मी म्हणायचो, वळखतो की. पर तोंडी चालत नाही. लेखी दाखव. ह्या गाडीत मी माझ्या पोरीलाबी सोडत नाही."

ते खरं होतं. शाळेला मी त्यांच्याच गाडीनं जायचे. पास त्यांनीच काढून दिलेला. तरी रोज माझ्या सीटपाशी येऊन, ओळख न दाखवता म्हणायचे, "तिकीट." मी रोज दप्तरातून पास काढून त्यांच्यासमोर धरायचे. ते तारीख वाचायचे, रोज, सावकाश, आणि पुढं जायचे. मैत्रिणी हसायच्या. मला भारी राग यायचा.

१०. उपकरणे जमा केल्याचा तपशील

डबी क्र. २१२. सकाळी १०.१०. दहा मिनिटं उशीर माझ्यामुळे.

बंद करण्याआधी मी विचारलं, "अण्णा, काही सांगायचंय?"

ते म्हणाले, "पोहे करशील तेव्हा मीठ चाखून टाक. आता मला सांगता येणार नाही."

११. उपकरणांच्या तपासणीचा निष्कर्ष

पुसण्याआधी काही डब्यांच्या प्रोग्रॅमची नोंद (भाषेची नव्हे) पथकानं घेऊन ठेवली होती, तिची नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत तपासणी झाली. अकराव्या दिवशी अहवाल आला. डबी क्र. २१२ मध्ये जंतू कधीच नव्हता.

इनामदार मॅडमनी स्वतः फोन केला. निष्कर्ष वाचून दाखवला. मग त्या म्हणाल्या, "तरी मी तेच केलं असतं." मी म्हटलं, "हो. त्यांनीही."

१२. सेवा किती प्रमाणात पूर्ववत झाली? (टक्केवारी)

केंद्राची : ७१ टक्के. वॉर्ड तीनमधल्या बाई 'दुखतंय' म्हणू शकतात. डब्या जमा झाल्यावर तिसऱ्या दिवशी नेटवर्क उघडलं. वर्तमानपत्रात डॉ. बिडवईंचा फोटो आला.

रुग्ण क्र. २१२ची : चाळीस शब्द.

पाणी, औषध, भूक, नको, हो, नाही, दुखतंय, थंडी, पंखा, कूस, लघवी, डास, उशी. असे चाळीस. केंद्र सुरू झालं त्या आठवड्यात ही यादी मीच केली होती. पलंगावरच्या माणसाला काय काय लागतं त्याचा विचार करून. डॉक्टरांनी शाबासकी दिली होती. अक्षरांचा तक्ताही असतो, नजरेनं एकेक अक्षर दाखवायचं. पण अक्षरावर नजर रोखली की अण्णांचे डोळे थरथरतात, एका शब्दाला अर्धा तास जातो. त्यांनी तो पहिल्याच आठवड्यात नाकारला.

डबी परत आली त्या दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसले आणि सांगितलं. फोटो, हिरवा दिवा, गाडीवाल्याचा फोन, चौकशी चालू आहे हे वाक्य. सगळं सांगायला चार मिनिटं लागली. दोन दिवस मिळाले असताना जी चार मिनिटं सापडली नव्हती, ती चार मिनिटं.

अण्णा माझ्याकडे बघत होते. डबी म्हणाली, "हो."

मी थांबले. ऐकलं म्हणून हो, की आधीच कळलं होतं म्हणून हो. असं म्हटल्यावर माणूस पुढं काहीतरी बोलतोच. पुढचं त्यांच्याकडे असणारच. हुकूम निघत असेल, जाळी टिपत असेल, आणि डबीला तो शब्द येत नसेल.

मग डबी म्हणाली, "कूस."

मी त्यांना कुशीवर वळवलं. तोंड भिंतीकडे झालं.

दर दोन तासांनी कूस बदलायची असते. मी घड्याळ बघितलं. अजून वीस मिनिटं बाकी होती.

१३. पुन्हा असे घडू नये म्हणून उपाययोजना

पेटीला कुलपाचा खटका बसवला आहे. दोन माणसांच्या किल्ल्या लागतात. खंडेनवमीला पेटी बाहेर काढायची नाही असं परिपत्रक निघालं. मारोतीमामा म्हणाले, "काढली तरी चालंल की. बंद ठिवायची एवढंच." त्यांचं म्हणणं परिपत्रकात घेतलेलं नाही.

मला विचाराल तर यादीत आणखी शब्द हवे होते. यादी करताना मी माणसाला काय लागतं ते लिहिलं. त्याला काय म्हणायचं असेल ते लिहिलं नाही.

जाळी आता पुसट ऐकते. नवे शब्द शिकवता येतील, पण थोडे. डॉक्टर म्हणाले, दहा, फार तर बारा. एकेका शब्दाला आठ-नऊ दिवस. रुग्णानं मनात तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा असतो, आणि कुठला शब्द ते शिकवणाऱ्यानं ठरवायचं असतं.

एक्केचाळिसावा शब्द कोणता, ते मला ठरवायचं होतं.

'माफ' हा शब्द मला शिकवता आला असता. दोनच अक्षरं आहेत. त्यांनी मेहनतीनं शिकला असता, आणि नवव्या दिवशी डबी तो बोललीही असती. शिकवताना ते म्हणतातच, सरावासाठी. मग तो शब्द त्यांचा की माझा, ते मला जन्मभर कळलं नसतं. मी तो शिकवला नाही.

मी त्यांना असा शब्द दिला, जो त्यांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला होता. जो म्हणून त्यांना माझ्याकडे काही मागता येईल.

१४. सेवा पूर्ववत झाल्याचा दिनांक

(हा रकाना मी बाकीचा अहवाल लिहून झाल्यावर, घरी, भरत आहे.)

आज नववा दिवस. सकाळपासून डबी नुसती खरखरत होती. साडेदहाला मी पोह्यांची बशी घेऊन आत आले. मीठ चाखून टाकलं होतं. अण्णांनी मान वळली तेवढी वळवली आणि डबी स्पष्ट म्हणाली,

"तिकीट."

सराव संपलेला होता. त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं.

मी बशी खाली ठेवली. पिशवीतून हा अहवाल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांचे डोळे भरकटू नयेत म्हणून ओळीखाली पट्टी धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेले. ते वाचत होते. सावकाश, तारीख वाचायचे तसं.

रकाना सहापाशी आल्यावर मी पट्टी पुढं सरकवली. त्यांची नजर तिच्याबरोबर आली नाही. ती 'मी' या एकाक्षरी ओळीवरच राहिली.

मी पट्टी परत वर नेली आणि तिथंच धरून ठेवली आहे. एका हातानं हे लिहिते आहे. दिनांक कोरा सोडते.

सही : सु. कि. घोंगडे